किडनी देणाऱ्याचा धोका उशिरा मोजला गेला

बेळगाव, खानापूर, निपाणी भागात घरातल्या कुणाचं डायलिसिस सुरू झालं आणि 'किडनी बसवायची' असं ठरलं की एक फाईल जाड होऊ लागते. एकीकडे रक्तगट, टिश्यू मॅचिंग, सीटी स्कॅन. दुसरीकडे कन्नडमधलं रेशन कार्ड, मराठी शाळेचा दाखला, चंदगडला दिलेल्या मुलीचं महाराष्ट्रातलं आधार कार्ड. एका कागदावर माहेरचं आडनाव, दुसऱ्यावर सासरचं. ही याच बापाची लेक, हे कागदावर बसेपर्यंत पेशंटच्या मशीनच्या वाऱ्या चालूच. माणसं वैतागतात, परवानगी देणाऱ्या कमिटीच्या नावाने बोटं मोडतात. वैताग खोटा नाही. पण त्या फाईलमधले बरेच कागद आधी कुणाचं तरी नुकसान झालं म्हणून आलेले आहेत, आणि ते नुकसान बहुतेक वेळा देणाऱ्याचं होतं.

23 डिसेंबर 1954 रोजी बोस्टनमध्ये डॉ. जोसेफ मरे यांनी रोनाल्ड हेरिकची किडनी त्याच्या जुळ्या भावाला, रिचर्डला बसवली. टिकलेलं हे किडनीचं पहिलं प्रत्यारोपण. दोघे एकसारखे जुळे असल्याने शरीर किडनी नाकारणार नव्हतं, आणि ते खरंच तसे जुळे आहेत ना हे पडताळायला बोटांचे ठसेही घेतले गेले. डॉक्टरांना खरी अडचण वेगळीच होती. धडधाकट माणसाचं पोट त्याला काडीचा फायदा नसताना उघडायचं का? त्यांनी धर्मगुरूंना विचारलं, वकिलांना विचारलं. रिचर्ड आठ वर्षं जगला. रोनाल्ड 2010 मध्ये, एकोणऐंशी वर्षांचा होऊन गेला.

त्यानंतरची तीस वर्षं वैद्यकशास्त्राचं सगळं लक्ष घेणाऱ्यावर होतं, आणि तेव्हा ते साहजिकच होतं. 1967 च्या डिसेंबरात केपटाऊनमध्ये ख्रिस्तियान बर्नार्ड यांनी पहिलं मानवी हृदय बसवलं. रुग्ण अठरा दिवसांनी न्यूमोनियाने गेला. अडीच महिन्यांत मुंबईच्या केईएममध्ये डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी हृदय प्रत्यारोपण केलं. तो रुग्ण काही तासांतच दगावला. शस्त्रक्रिया जमत होती, शरीराचा नकार आणि औषधांमुळे होणारा जंतुसंसर्ग आवरत नव्हता. 1971 मध्ये वेल्लोरला जिवंत दात्याची किडनी यशस्वीपणे बसवली गेली, तरी जवळच्या रक्ताच्या नात्यातलाच दाता बरा, हा नियम बराच काळ टिकून होता.

तो मोडला शरीराचा नकार आवरणाऱ्या सायक्लोस्पोरिनने. 1983 मध्ये अमेरिकेत या औषधाला मान्यता मिळाली आणि परक्याची किडनीही टिकू लागली. घेणाऱ्यासाठी हे वरदानच होतं. पण नात्याची अट वैद्यकीय कारणासाठी उरली नाही, म्हणून किडनी विकत घेणंही शक्य झालं. मुंबई, चेन्नई, बेंगळुरू इथे ऐंशीच्या दशकात उघड बाजार भरला, परदेशातून गिऱ्हाइकं येऊ लागली. एकाची जोखीम ज्या औषधाने कमी झाली, त्यानेच कर्जात बुडालेल्या दुसऱ्याची वाढवली. प्रत्यारोपणाच्या इतिहासातली ही गाठ मला सगळ्यात महत्त्वाची वाटते.

चेन्नईतल्या 305 किडनी विकणाऱ्यांची पाहणी 2002 मध्ये प्रसिद्ध झाली. त्यातल्या 96 टक्के लोकांनी कर्ज फेडायला किडनी दिली होती. तरीही पाहणीच्या वेळी चारातले तीन जण कर्जातच होते, कुटुंबाचं उत्पन्न सरासरी एक तृतीयांशाने घटलं होतं, आणि 86 टक्के जण तब्येत खालावल्याचं सांगत होते.

1994 चा मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा या बाजारावरचा उपाय होता. आरोग्य हा राज्यांचा विषय, म्हणून संसदेला आधी काही राज्यांचे ठराव लागले. ते ठराव महाराष्ट्र, गोवा आणि हिमाचल प्रदेशाने केले होते. म्हणजे बेळगावच्या दोन्ही शेजारी राज्यांत कायदा आधी आला, कर्नाटकाने तो नंतर स्वीकारला. 2011 ची दुरुस्ती आणि 2014 चे नियम येईपर्यंत खरेदी-विक्रीची शिक्षा दहा वर्षं कैद आणि एक कोटीपर्यंत दंड इथवर गेली.

नियमांत 'जवळचा नातेवाईक' म्हणजे नवरा-बायको, आई-वडील, मुलगा-मुलगी, भाऊ-बहीण, आणि 2011 नंतर आजी-आजोबा व नातवंडं. मामा नाही, चुलतभाऊ नाही, भाचा नाही, सूनसुद्धा नाही. आपल्याकडे मामा म्हणजे घरातलाच माणूस. कायद्याला तो परका. मग प्रकरण प्राधिकरण समितीपुढे जातं. ती दोघांचे जुने एकत्र फोटो मागते, तीन वर्षांचं उत्पन्न बघते, मध्ये कुणी दलाल आहे का ते तपासते, दात्याच्या घरच्यांशी बोलते. असा दाता दुसऱ्या राज्यातला असेल तर त्याच्या राज्याचं ना हरकत प्रमाणपत्रही लागतं. खानापूरचा पेशंट आणि गडहिंग्लजचा मामेभाऊ यांच्यात मोटारीचा काही तासांचा रस्ता असतो, कागदांचा रस्ता मात्र बेंगळुरू-मुंबई असा पडतो.

त्याच नियमांत एक कलम आहे, ज्याची चर्चा फार होत नाही. दाता बाई असेल तर जास्त काळजी घ्यावी, आणि तिची ओळख व स्वतंत्र संमती पेशंटखेरीज दुसऱ्याने पडताळावी. कलमाची गरज आकडेच सांगतात: देशात 1995 ते 2021 या काळात झालेल्या 36,640 प्रत्यारोपणांपैकी बायकांना मिळाली 6,945. जिवंत दात्यांत मात्र पाचातल्या चार बायका. आई, बायको, बहीण 'मी देते' म्हणते तेव्हा ते मनापासून असू शकतं. पण सासर-माहेरची सगळी माणसं भोवती बसलेली असताना तिला 'नाही' म्हणायची सोय कितपत असते? म्हणून डॉक्टर किंवा समुपदेशक तिच्याशी एकटीशी बोलायला मागतात, तेव्हा घरच्यांनी राग मानू नये.

मेंदूमृत, म्हणजे मेंदूचं काम कायमचं थांबलेल्या दात्याचे अवयव मिळाले तर जिवंत माणसाला धोकाच नाही. त्यासाठी चार डॉक्टरांचं मंडळ सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासणी करतं, आणि प्रत्यारोपण करणारा त्या मंडळात नसतो. बेळगाव जिल्ह्याला देहदानाची ओळख जुनी आहे. बैलहोंगलच्या डॉ. रामण्णवरांनी देह दिला आणि 2010 मध्ये त्यांच्याच डॉक्टर मुलाने विद्यार्थ्यांपुढे त्याचं विच्छेदन केलं. पण देहदान घरी मृत्यू आला तरी करता येतं. किडनी, यकृत, हृदय मिळतं ते आयसीयूत व्हेंटिलेटरवर असतानाच. देहदानाचा फॉर्म भरून ठेवलेल्या घरांतही हा फरक ठाऊक नसतो.

2023 हे वर्ष सीमाभागासाठी दोन कारणांनी लक्षात राहील. अवयवाच्या प्रतीक्षायादीत नाव घालायला त्या राज्याचा रहिवासी असण्याची अट काढावी, असं केंद्राने राज्यांना सांगितलं. त्याच वर्षी महाराष्ट्राने महात्मा फुले जनआरोग्य योजना 865 सीमागावांना लागू करायचं ठरवलं आणि कर्नाटकाने हरकत घेतली. रुग्णाच्या दृष्टीने दोन्हीत हिशोब एकच, कुठल्या बाजूला गेलो तर लवकर आणि परवडेल असं होईल.

आता दात्याचा धोका आकड्यांत. किडनी काढताना दगावण्याचं प्रमाण अमेरिकेत 2010 च्या अभ्यासात दहा हजारांत तीन होतं, अलीकडे ते एकाच्याही खाली आलंय. पंधरा वर्षांत स्वतःचीच किडनी निकामी होण्याचा धोका दहा हजार दात्यांत सुमारे 31, तितक्याच निरोगी इतरांत सुमारे 4. धोका लहानच, पण शून्य नाही. यकृताचा तुकडा देणाऱ्याचा धोका याहून बराच मोठा असतो. घेणाऱ्याला आयुष्यभर गोळ्या, त्यामुळे टीबी आणि इतर संसर्गाची भीती, म्हणून त्याच्या पुढच्या तारखा ठरलेल्या असतात. दाता मात्र टाके निघाले की शेतावर, दुकानात, चुलीपाशी परततो. त्याला वर्षातून एकदा बीपी, साखर, लघवीतलं प्रथिन आणि किडनी नीट चालते का ते सांगणारं रक्तातलं क्रिएटिनिन तपासायला हवं, आणि मेडिकलमधून परस्पर घेतलेल्या अंगदुखीच्या गोळ्यांपासून लांब राहायला हवं. या तपासण्यांना बेळगाव गाठायची गरज नसते, तालुक्याला होतात.