दुर्मीळ रोमन नाणी, बेताच्या पैशांत

रोमन नाण्यांची चौकशी करायला येणाऱ्यांना बहुधा ज्युलियस सीझर, ऑगस्टस नाहीतर नीरो हवा असतो. किंमत ऐकली की मंडळी ब्रिटिशकालीन रुपयांच्या कपाटाकडे वळतात. हे माहितीपत्रक त्यांच्यासाठी. महिन्या-दोन महिन्यांतून एकदा दोन-पाच हजार रुपये बाजूला काढता येत असतील, तर खरोखर विरळा रोमन नाणी जमवता येतात. त्यासाठी दुर्मीळपणा आणि किंमत यांचा हिशेब वेगवेगळा ठेवायला हवा.

ओथो महाग, फ्लोरियन स्वस्त

ओथो इ.स. ६९ मध्ये जानेवारी ते एप्रिल असा तीन महिने सम्राट होता. फ्लोरियनही इ.स. २७६ मध्ये साधारण तेवढाच काळ गादीवर टिकला. ओथोचा चांदीचा दिनारियस झिजून नाक-कान गेलेला असला तरी पाच आकडी रक्कम मागतो. फ्लोरियनचे नाणे मात्र चेहरा, दाढी, किरणांचा मुकुट सगळे स्पष्ट असूनही त्याच्या काही अंशालाच मिळते.

ओथो पहिल्या बारा सीझरांत, म्हणजे ज्युलियस सीझर आणि त्यानंतरच्या पहिल्या अकरा सम्राटांत, मोडतो आणि बाराही आपल्याकडे असावेत असे जगभरच्या संग्राहकांना वाटते. त्यातून रोमच्या टांकसाळीने त्याच्या नावाने तांब्या-पितळेची नाणी पाडलीच नाहीत, त्यामुळे सगळी गर्दी चांदीवर. फ्लोरियनसाठी अशी रांग नाही. शिवाय त्याच्या काळापर्यंत अँटोनिनियानस हे नाणे नावापुरतेच चांदीचे उरले होते. तांब्यावर चांदीचा पातळ मुलामा आणि मागच्या बाजूला तळाशी २१ चा रोमन आकडा. वीस भाग तांब्याला एक भाग चांदी, असा त्याचा अर्थ बहुतेक अभ्यासक लावतात. अशी नाणी प्रचंड संख्येने पाडली गेली, म्हणून औटघटकेच्या राजाचीही आज हाती लागतात.

क्विंटिलस (२७०), टॅसिटस (२७५–२७६), न्यूमेरियन, कॅरस हे याच पंगतीतले. सुरुवात इथून करावी, असा आमचा सल्ला आहे.

मागच्या दाराने

काही नावे परवडतच नाहीत. पण त्यांच्या अगदी शेजारचे नाणे परवडते, आणि आम्हाला विचाराल तर खरी मजा तिथेच आहे.

सीरियातल्या पाल्मिराची राणी झेनोबिया घ्या. तिच्या स्वतःच्या नावाची नाणी अतिदुर्मीळ. सामान्य संग्राहकाने स्वप्नच पाहावे. पण रोमशी उघड बिघाड होण्याआधी, २७० ते २७२ च्या दरम्यान, अँटिओकच्या टांकसाळीने एका बाजूला सम्राट ऑरेलियन आणि दुसऱ्या बाजूला झेनोबियाचा मुलगा व्हाबालाथस अशी दोन चेहऱ्यांची नाणी पाडली. टांकसाळीचे अक्षर सहसा मागच्या बाजूला असते, आणि इथे ते ऑरेलियनच्या चेहऱ्याखाली आहे, म्हणजे दर्शनी बाजूचा मान पोराला आणि मागची बाजू सम्राटाला! राजकारण इतक्या उघडपणे दाखवणारे नाणे या किमतीत दुसरे मिळणे कठीण. आमच्याकडे येते तेव्हा फार दिवस टिकत नाही.

दुसरे उदाहरण व्हेट्रानियोचे. म्हातारा सेनापती, ३५० च्या मार्चमध्ये सैन्याने सम्राट केला आणि डिसेंबरात त्याने गादी सोडली. त्याचे नाणे खिशाला चाट लावते. पण सिस्कियाच्या टांकसाळीत त्याने ‘होक सिग्नो व्हिक्टर एरिस’, म्हणजे ‘या चिन्हाने तू जिंकशील’, हा लेख आपल्याबरोबर सम्राट दुसऱ्या कॉन्स्टँटियसच्या नावानेही पाडला. तोच छाप, तीच टांकसाळ, भाव बराच कमी. हा छाप व्हेट्रानियोनंतरही चालू राहिला, तेव्हा नाण्याच्या पटावरची, म्हणजे चित्राभोवतीच्या मोकळ्या जागेतली, अक्षरे नाण्यांच्या छापील सूचीशी ताडून मगच पैसे मोजावेत.

सम्राट कॉन्स्टंटाईनच्या घराण्यात तर अशी नाणी पुष्कळ सापडतात. त्याचा पुतण्या डेल्मेशियस ३३५ मध्ये सीझर, म्हणजे दुय्यम सम्राट, झाला आणि कॉन्स्टंटाईनच्या मृत्यूनंतर ३३७ मध्ये झालेल्या नातेवाइकांच्या कत्तलीत मारला गेला. त्याची नाणी दोन सैनिक आणि निशाण या अतिशय सामान्य छापाची असल्याने घाऊक ढिगात कॉन्स्टंटाईनच्या मुलांच्या नाण्यांत बेमालूम मिसळून जातात. नाव वाचता येणाऱ्याला ती सापडतात. त्याचा भाऊ हॅनिबॅलियानस याची नाणी मात्र एकट्या कॉन्स्टँटिनोपलच्या टांकसाळीत पाडली गेली, म्हणून ती फार दुर्मीळ. त्याचा नाद सोडावा. कॉन्स्टंटाईनची आई हेलेना आणि सावत्र आई थिओडोरा यांची जेमतेम दीड सेंटिमीटरची नाणी दोघींच्या मृत्यूनंतर, ३३७ ते ३४० मध्ये पाडलेली आहेत. हेलेना सहज मिळते, थिओडोरा थोडी शोधावी लागते. दोघी शेजारी ठेवल्या की घरातला तह समोर दिसतो.

टांकसाळीवरूनही दुर्मीळपणा ठरतो. कॉन्स्टंटाईनचे किंवा त्याचा मुलगा क्रिस्पसचे साधे तांब्याचे नाणे हजार-दीड हजारात मिळते. त्याच नाण्यावर तळाशी ‘पी-एल-ओ-एन’ ही चार अक्षरे असतील तर ते लंडनचे, आणि लंडनची टांकसाळ ३२५ मध्ये बंद झाली. विकणाऱ्याने अक्षरे वाचलेली नसतील, तर फरकाचे पैसे तुमच्या खिशात राहतात.

सूचीत ‘आर’ (म्हणजे ‘रेअर’) अक्षराने दाखवलेल्या दुर्मीळतेवर फार भिस्त ठेवू नका. त्या श्रेणी जुन्या संग्रहालयांतल्या संख्येवरून ठरल्या. त्यानंतर जमिनीतून बरेच काही वर आले आहे. आणि शेकडो ‘आर’वाल्या नाण्यांना गिऱ्हाईकच नसते.

तडजोड कशात करावी

कड तुटकी, छाप थोडा सरकलेला, मागची बाजू अस्पष्ट, हे चालेल. पण सम्राटाचे नाव वाचता आले पाहिजे आणि दुर्मीळपणा ज्या तपशिलावर अवलंबून आहे तो दिसला पाहिजे. लंडनचे नाणे घ्यायचे आणि तळाची अक्षरेच पुसट, याला अर्थ नाही.

घासून-कोरून ‘सुधारलेले’ नाणे मात्र घेऊ नका. केसांच्या बटा फार रेखीव आणि भोवतालचा पट अस्वाभाविक सपाट दिसला की शंका घ्यावी. वर वाळूसारखा पिवळट थर दिला की डागडुजी झाकली जाते, हेही ध्यानात असू द्या.

ओतीव नकला कडेवरच्या सांध्याच्या रेषेवरून आणि पृष्ठभागावरच्या बारीक छिद्रांवरून ओळखू येतात. ठशाने पाडलेल्या नकला अवघड. तिथे अनुभवी डोळाच लागतो. सोळाव्या शतकात पादुआच्या जोव्हान्नी दा काव्हिनोने रोमन धर्तीवर इतकी सुरेख पदके केली की आज त्यांचेच वेगळे संग्राहक आहेत. साम्राज्यातल्या ‘दुर्मिळात दुर्मीळ’ राजाचे नाणे कुणी हजार रुपयांत देऊ करत असेल, तर ते दुकान सोडून पुढे चालू लागा.

पावसाळा

मुंबई-कोकणातल्या ग्राहकांनी हा भाग जरूर वाचावा. प्राचीन तांब्यात क्लोराइडचे क्षार दडलेले असतात. दमट हवेत ते जागे होतात आणि नाण्यावर फिकट हिरवी, बोटाला लागणारी भुकटी येते. गुळगुळीत गडद हिरवा थर वेगळा. तो नाण्याचे संरक्षण करतो, त्याला हात लावायचा नाही. भुकटी दिसली तर नाणे लगेच बाकीच्यांपासून वेगळे ठेवा, डिस्टिल्ड वॉटर बदलत राहून काही आठवडे भिजवा, पूर्ण वाळवा आणि सिलिका जेलसोबत घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. पीव्हीसीची मऊ पाकिटे वापरू नका. चिंच, लिंबू किंवा पितळ घासायच्या भुकटीने चकचकीत केलेले नाणे आम्ही परत विकत घेत नाही.

कागदपत्रे आणि कायदा

१०० वर्षांहून जुने नाणे १९७२ च्या पुरावशेष व कलानिधी अधिनियमाखाली पुरावस्तू ठरते. अशा वस्तूंच्या विक्रीच्या व्यवसायाला परवाना लागतो, आणि खासगी व्यक्तीला त्या देशाबाहेर पाठवता येत नाहीत. म्हणजे परदेशी लिलावातून मागवलेले नाणे बनावट निघाले, तर ‘परत पाठवा, पैसे घ्या’ ही हमी तिथल्या गिऱ्हाइकाइतकी तुमच्या कामाची नाही. जकात आणि टपालखर्च धरूनच बोली लावा. स्वस्त नाण्यावर हा वरखर्च कधीकधी नाण्याहून जड होतो. अशा वेळी चार-पाच नाणी एकत्र मागवलेली बरी.

भारतात रोमन नाणी सापडतात का, हा प्रश्न नेहमी येतो. सापडतात. पुदुकोट्टईला १८९८ मध्ये सोन्याच्या नाण्यांचा मोठा साठा मिळाला. त्यातल्या बऱ्याच नाण्यांवर सम्राटाच्या चेहऱ्यावरच छिन्नीचा घाव आहे. करूरजवळ अमरावती नदीच्या पात्रात उत्तरकालीन तांब्याची नाणी मिळाली आहेत. पण जमिनीत सापडलेला, दहा रुपयांहून अधिक किमतीचा ठेवा १८७८ च्या निखात निधी अधिनियमानुसार जिल्हाधिकाऱ्यांना कळवावा लागतो. ‘गावाकडे शेतात मिळाले’ अशी हकिकत सांगून कुणी नाणे विकायला आणले, तर आम्ही ते घेत नाही. तुम्हीही घेऊ नये.

आमच्याकडून घेतलेल्या प्रत्येक नाण्यासोबत वजन, व्यास, दोन्ही बाजूंचे छायाचित्र आणि आम्ही ते कुठून घेतले याची नोंद असलेले बिल मिळते. बिल नाण्याच्या पाकिटात ठेवू नका, छपाईची शाई धातूला लागते. वेगळ्या फाइलीत ठेवा.