डायलिसिसच्या रुग्णाला वजने उचलायला सांगेपर्यंत

किडनी निकामी झालेल्या माणसाच्या स्नायूंकडे लक्ष जायला बराच काळ गेला, कारण आधी तो जगणेच कठीण होते. विलेम कोल्फ यांनी १९४३ मध्ये नेदरलँड्समध्ये डायलिसिसचे, म्हणजे किडनीऐवजी रक्त शुद्ध करणारे यंत्र वापरले. हा उपचार वर्षानुवर्षे चालू ठेवता येऊ लागला तो मात्र १९६० पासून, सिअ‍ॅटलच्या बेल्डिंग स्क्रिब्नर यांनी रुग्णाच्या हातात टेफ्लॉनची नळी कायमची बसवल्यावर. रुग्ण जगू लागले आणि त्यांचे दंड-मांड्या झिजताना दिसू लागल्या.

त्याच दशकात इटलीत जोव्हानेत्ती यांनी अत्यल्प प्रथिनांचा आहार सुचवला. प्रथिनांतून तयार होऊन रक्तात साचणारा युरिया उतरे, मळमळ थांबे, पण स्नायूंचा पुरवठाही आटे. रक्तातले वाढते आम्ल स्नायूंमधली प्रथिने मोडायला लावते, हे विल्यम मिच यांच्या गटाने १९८०च्या दशकात उंदरांवर दाखवले. वर रक्तक्षय होताच. तांबड्या रक्तपेशी वाढवणाऱ्या एरिथ्रोपोएटिन या औषधाला अमेरिकेत मान्यता मिळाली ती १९८९ मध्ये. तोवर जिना चढतानाच धाप लागणाऱ्या रुग्णाला व्यायाम कोण सांगणार?

खरे वळण २००१ चे. बॉस्टनच्या टफ्ट्स विद्यापीठात कार्मेन कास्टानेडा यांनी डायलिसिसपर्यंत न पोचलेले २६ रुग्ण घेतले. सगळ्यांना दर किलो वजनामागे जेमतेम ०.६ ग्रॅम प्रथिने. त्यातल्या काहींनी १२ आठवडे वजने उचलली, आणि इतक्या तुटपुंज्या आहारावरही त्यांचे स्नायुतंतू जाड झाले.

डायलिसिसवरच्यांचे उत्तर इतके सरळ नाही. २००६ मध्ये कर्स्टन जोहान्सन यांच्या प्रयोगात ७९ रुग्ण होते. व्यायाम करणाऱ्यांनी डायलिसिस चालू असतानाच घोट्यांना वजने बांधून पाय उचलले आणि त्यांच्या मांडीचा स्नायू वाढला. वर्षभराने ऑस्ट्रेलियातल्या अशाच प्रयोगातल्या ४९ जणांत मात्र स्नायूचा आकार फारसा बदलला नाही; त्यातली चरबी घटली, ताकद वाढली. मला हा दुसरा निकाल जास्त बोलका वाटतो. खुर्चीतून उठणाऱ्याला मांडीचा घेर नव्हे, जोर लागतो.

आपल्याकडे फिस्टुलाच्या (डायलिसिससाठी धमनी आणि शीर जोडलेल्या) हाताने जड उचलू नका, हे रुग्णाला पक्के ठाऊक असते. फिस्टुला तयार व्हावा म्हणून त्याच हाताने रबरी चेंडू दाबायला सांगतात, तोही व्यायामच. पायांना तर कसलीच बंदी नाही. जर्मनीत १,२११ रुग्णांवर झालेल्या, २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तेच मोजले: मिनिटभरात खुर्चीतून किती वेळा उठता येते. डायलिसिसच्या वेळी वर्षभर व्यायाम केलेल्यांचा आकडा सुमारे १६ वरून १९ वर गेला, इतरांचा १५ च्या खाली आला.