ॲस्बेस्टस

ॲस्बेस्टस हे एका खनिजाचे नाव नाही. तंतुरूपात सापडणाऱ्या सहा सिलिकेट खनिजांना व्यापाराने मिळून दिलेले ते नाव आहे. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ ‘न विझणारे’. क्रायसोटाइल म्हणजे पांढरे ॲस्बेस्टस सर्पेंटाइन गटातले. क्रोसिडोलाइट (निळे), अमोसाइट (तपकिरी), ट्रेमोलाइट, ॲक्टिनोलाइट आणि अँथोफिलाइट ही पाच ॲम्फिबोल गटातली. आजवर वापरल्या गेलेल्या ॲस्बेस्टसपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक क्रायसोटाइलच आहे.

हिरवट सर्पेंटाइन खडकात क्रायसोटाइलच्या अरुंद शिरा दिसतात. तंतू बहुधा शिरेच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत आडवे, दाटीवाटीने बसलेले असतात. पाहताना तो दगडच वाटतो, पण नखाने उकरला तर पिंजलेल्या कापसासारखा पुंजका सुटतो (हे करून पाहू नये, हे सांगायला नकोच). या खनिजाच्या स्फटिकात मॅग्नेशियमचा थर आणि सिलिकाचा थर एकमेकांच्या मापाला जुळत नाहीत, म्हणून त्यांची चटईसारखी गुंडाळी होते. ही गुंडाळी म्हणजे एक सूक्ष्म तंतू, जाडी सुमारे २५ नॅनोमीटर. माणसाचा केस त्याहून हजारो पट जाड असतो. ॲम्फिबोल तंतू मात्र सरळ आणि सुईसारखे ताठ असतात. दोन्हींचा एक गुण समान आहे: घासले, कुटले, कापले की ते उभे चिरत जातात आणि अधिकाधिक बारीक होतात. पिठासारखा भुगा होत नाही, लांबट सुयाच उरतात. पुढची सगळी उपयुक्तता आणि सगळे दुखणे इथूनच सुरू होते.

फिनलंडमध्ये सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वी मातीची भांडी चिवट व्हावीत म्हणून त्यांत अँथोफिलाइट मिसळत. आगीत न जळणारे कापड सॅलमँडर नावाच्या प्राण्यापासून होते, अशी युरोपात समजूत होती. ते डोंगरातून खणून काढलेल्या पदार्थाचे असते, असे मार्को पोलोने तेराव्या शतकाच्या अखेरीस सांगितले.

मोठी मागणी आली ती वाफेच्या इंजिनामुळे. बॉयलर आणि गरम नळ्या गुंडाळायला काहीतरी हवे होते. कॅनडातील क्वेबेक प्रांतात थेटफर्ड माइन्स आणि ‘ॲस्बेस्टस’ याच नावाच्या गावी १८७० च्या दशकात खाणी सुरू झाल्या. रशियाच्या उरल भागात आस्बेस्त शहर उभे राहिले. दक्षिण आफ्रिकेत प्रिस्काच्या आसपास निळे आणि पेंग येथे तपकिरी ॲस्बेस्टस निघे. तिथे हातोडीने दगड फोडून तंतू वेगळे करण्याचे काम बायका आणि मुले करत. १९०० च्या सुमारास ऑस्ट्रियाच्या लुडविग हॅचेकने सिमेंटमध्ये तंतू मिसळून पातळ पत्रे बनवण्याची रीत काढली आणि हे खनिज छपरांवर, पाण्याच्या नळांत पोचले. ब्रेकच्या अस्तरांतही ते वापरले गेले. १९५० च्या दशकात एका अमेरिकन सिगारेटच्या फिल्टरमध्येसुद्धा निळे ॲस्बेस्टस होते, आणि ती सिगारेट ‘सुरक्षित’ म्हणून विकली जाई. जागतिक उत्पादनाने १९७७ च्या सुमारास सुमारे ४८ लाख टनांचा कळस गाठला.

हवेत उडालेला बारीक तंतू श्वासाबरोबर फुफ्फुसाच्या टोकापर्यंत जातो. तिथल्या भक्षक पेशी धुळीचा कण गिळून टाकतात, पण त्यांच्यापेक्षा लांब तंतू त्यांना गिळवत नाही. पेशी अर्धवट गिळून मरते, दाहकारक रसायने सांडते, दुसरी पेशी येते. वर्षानुवर्षे हेच चालते. विशेषतः ॲम्फिबोल तंतू शरीरात दशकानुदशके टिकतात. फुफ्फुसात व्रणऊतक साठून ते ताठर होते, तो ॲस्बेस्टोसिस. फुफ्फुसाचा कर्करोग होतो तो वेगळा. धूम्रपानाची जोड असेल तर त्याचा धोका कितीतरी वाढतो. मेसोथेलिओमा हा फुफ्फुसाच्या किंवा पोटाच्या आवरणाचा कर्करोग. संपर्कानंतर बहुधा ३० ते ४० वर्षांनी तो उघड होतो आणि निदानानंतर रुग्ण सहसा फार काळ जगत नाही.

इंग्लंडमधील रॉचडेलच्या ॲस्बेस्टस कापड कारखान्यातील कामगार नेली केरशॉ १९२४ मध्ये वयाच्या ३३ व्या वर्षी वारली. मृत्यूनंतर तिच्या फुफ्फुसांची तपासणी करणाऱ्या डॉ. कुक यांनी १९२७ मध्ये ‘ॲस्बेस्टोसिस’ हा शब्द वापरला. ब्रिटनमध्ये धुळीचे नियम १९३१ मध्ये आले. १९६० मध्ये संशोधक वॅग्नर व सहकाऱ्यांनी दक्षिण आफ्रिकेतील मेसोथेलिओमाचे ३३ रुग्ण नोंदवले. त्यांतल्या अनेकांनी खाणीत कधीच काम केले नव्हते, ते फक्त त्या परिसरात राहिले होते. कामगारांचे कपडे घरी धुणाऱ्या बायकांनाही हा रोग झाला आहे. म्हणजे धोका कळला नव्हता ही सबब फार तर विसाव्या शतकाच्या आरंभापुरती चालते.

आइसलँडने १९८३ मध्ये, युरोपीय संघाने २००५ पासून आणि कॅनडाने २०१८ मध्ये बंदी घातली. ‘ॲस्बेस्टस’ गावाने २०२० मध्ये नावच बदलले. रशिया, कझाकस्तान आणि चीनमध्ये खाणकाम चालूच आहे.

शाबूत सिमेंटच्या पत्र्यात तंतू जखडलेले असतात. पत्रा फुटला, कापला, त्याला भोक पाडले की ते सुटतात. म्हणून काढताना पत्रा ओला ठेवतात आणि अख्खा उतरवतात. जाळून टाकायची तर सोयच नाही. फ्रान्समध्ये प्लाझ्मा भट्टीत (अतितप्त वायूच्या झोताने चालणाऱ्या) वितळवून त्याची काच करतात, पण ते महाग पडते. त्यामुळे बहुतेक ॲस्बेस्टस दुहेरी पिशव्यांत बांधून पुन्हा जमिनीतच पुरले जाते.