क्लॅपबॅक, कलगीतुरा आणि कोकणातली बारी

गणपतीला गावी आलेली मुंबईची पोरं हल्ली कुणाचं उत्तर झोंबलं की ‘काय क्लॅपबॅक दिलास!’ म्हणतात. शब्द अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या बोलीतला. तिथे ‘क्लॅप’ म्हणजे गोळी झाडणं, म्हणून क्लॅप बॅक म्हणजे उलट गोळीबार. २००३ मध्ये जा रूल या रॅपरचं याच नावाचं गाणं आलं. पुढे समाजमाध्यमांवर बंदूक गळाली आणि टोमण्याला दिलेला सवाई टोमणा एवढाच अर्थ उरला.

आपल्याकडेही असा शब्द आहे, आणि तोही सामन्यातूनच आलेला. पुढाऱ्यांची जुंपली की ‘कलगीतुरा रंगला’ असं वर्तमानपत्रं सर्रास छापतात. कलगी आणि तुरा ही पागोट्यावरची भूषणं. शाहिरांच्या दोन पक्षांनी ती निशाणी म्हणून घेतली: कलगीवाले शक्तीला थोर मानणारे, तुरेवाले शिवाला. थोर कोण, हा झगडा कवनांतून चाले.

कोकणात तो अजून जिवंत आहे. रत्नागिरी-रायगडकडच्या जाखडीत, म्हणजे गोलातल्या नाचगाण्यात, शक्तीवाले (म्हणजे कलगीवाले) आणि तुरेवाले रात्र जागवतात. मधे शाहीर, ढोलकी, झांज. भोवती घुंगरू बांधलेल्या पोरांचा गोल. गण होतो, गवळण होते, आणि मग सवाल पडतो. पुराणातला एखादा पेच आणि त्याच्या शेपटाला प्रतिपक्षाला चिमटा. समोरचा शाहीर गुडघ्यावरची वही चाळत असतो, पण चिमट्याचं उत्तर वहीत नसतं. ते तिथल्या तिथे, तालात बसवून द्यावं लागतं. नुसती शिवी दिली तर लोक उठून जातात. मला या कलेत सर्वांत मोठी वाटते ती ही अट.

सिंधुदुर्गात तेच भजनाच्या डबलबारीत, म्हणजे दोन भजनी बुवांच्या सामन्यात. दोन पेट्या, आणि गजरात एकमेकांना टोले.

हीच धार घरातल्या बोलण्यात उतरते. आमच्या विहिरीवर एकीने विचारलं, ‘‘काय गो, आज बरी लवकर इलंस?’’ दुसरीने कळशी ओढायचं न थांबवता म्हटलं, ‘‘तुझा घड्याळ चालता काय बघूक इलंय.’’ दोघी हसल्या आणि तिसरीच्या वाटेला गेल्या.

आता या बाऱ्यांचे, म्हणजे सामन्यांचे, तुकडे मोबाइलवर फिरतात. त्यात टोला तेवढा असतो. ज्या सवालाला तो दिला, तो सवाल आणि त्याआधीची गवळण कापलेली असते. पूर्ण बारी ऐकायची तर अजून मांडवातच बसावं लागतं.