हवाई अंतर व उड्डाणकाळ

दोन विमानतळांमधील हवाई अंतर म्हणजे पृथ्वीच्या पृष्ठभागावरून त्यांना जोडणाऱ्या सर्वांत लहान कमानीची लांबी. ही कमान बृहद्‌वृत्ताचा, म्हणजे पृथ्वीचे दोन समान भाग करणाऱ्या वर्तुळाचा तुकडा असते. दोन्ही ठिकाणांचे अक्षांश-रेखांश माहीत असले आणि पृथ्वीची सरासरी त्रिज्या ६,३७१ किमी धरली, की ती गोलीय त्रिकोणमितीने काढता येते. पृथ्वी ध्रुवांकडे किंचित चपटी असल्याने उत्तर थोडे चुकते, पण प्रवाशाला त्याने काही फरक पडत नाही. वैमानिक हे अंतर सागरी मैलांत (१ सागरी मैल = १.८५२ किमी) मोजतात.

सपाट नकाशा इथे हमखास चकवतो. न्यूयॉर्क आणि माद्रिद जवळपास एकाच अक्षवृत्तावर आहेत, तेव्हा सरळ पूर्वेला निघावे असे वाटते. तो रस्ता सुमारे ५,९३५ किमीचा पडतो. उत्तरेकडे झुकलेल्या कमानीने तेच अंतर सुमारे ५,७६५ किमी भरते.

अंतर एकदा काढले की कायमचे ठरते, वेळेचे तसे नाही. जेट विमानाचा हवेतील वेग ताशी ९०० किमीच्या आसपास असतो. अंतराला या वेगाने भागून चढण-उतरणीसाठी अर्धा तास मिळवायचा, हा ढोबळ हिशेब. तो बिघडवतो मुख्यतः वारा. मध्य अक्षांशांत साधारण १० किमी उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारी जेट स्ट्रीम पूर्वेला जाणाऱ्या विमानाला ढकलते आणि परतणाऱ्याला अडवते. जाताना मिळाले ते येताना गेले, म्हणजे फिट्टंफाट, असा समज असतो. तो खरा नाही. ६,००० किमीच्या मार्गावर ताशी १०० किमीचा वारा असेल, तर जायला ६ तास आणि यायला साडेसात तास लागतील. एकूण साडेतेरा तास. वारा नसता तर १३ तास २० मिनिटांत भागले असते, कारण विमान उलट्या वाऱ्यात जास्त वेळ काढते. फेब्रुवारी २०२० मध्ये जोरदार जेट स्ट्रीममुळे न्यूयॉर्कहून निघालेले एक प्रवासी विमान पाच तासांच्या आत लंडनला उतरले होते. एरवी या प्रवासाला साडेसहा-सात तास लागतात.

त्यामुळे सर्वांत लहान मार्ग सर्वांत जलद असेलच असे नाही. सिंगापूर–न्यूयॉर्क ही सुमारे १५,३०० किमीची, १८ तासांहून अधिक काळ चालणारी विनाथांबा सेवा वारा पाहून मार्ग बदलते. राजकारणही आडवे येते. २०२२ मध्ये रशियाचे आकाश युरोपीय कंपन्यांना बंद झाले आणि हेलसिंकी–टोकियो प्रवास साडेनऊ तासांच्या आसपास होता तो तेराच्या घरात गेला. दोन्ही विमानतळ जागच्या जागीच!

वेळापत्रकात छापलेला काळ हा निव्वळ उड्डाणाचा नसतो. विमान जागेवरून हलल्यापासून उतरून पुन्हा थांबेपर्यंतची सगळी वेळ त्यात धरलेली असते, शिवाय कंपन्या थोडी सैलही ठेवतात. निघण्याच्या आणि पोहोचण्याच्या वेळा मात्र त्या-त्या ठिकाणच्या असतात, म्हणून त्यांची थेट वजाबाकी करू नये. जून महिन्यात ऑकलंडहून रात्री ८ वाजता सुटून १२ तास उडणारे विमान लॉस एंजेलिसला त्याच तारखेच्या दुपारी १ वाजता उतरते. दोन्ही वेळा आधी जागतिक प्रमाणवेळेत बदलून घेतल्या की हिशेब जुळतो.