बाळाच्या भांड्यात शिसं शोधायचं कुठे?

नोव्हेंबर २०२२ मध्ये अमेरिकेत लहान मुलांसाठीच्या स्टीलच्या सुमारे १०,५०० बाटल्या आणि कप बाजारातून परत मागवले गेले. ज्या स्टीलला दूध किंवा पाणी लागतं त्यात काही दोष नव्हता. दुपदरी बाटलीच्या दोन भिंतींमधली हवा काढून घेतात आणि ती जागा खालच्या बाजूने डाखाच्या, म्हणजे धातू जोडायला वितळवून लावतात त्या मिश्रधातूच्या, एका ठिपक्याने बंद करतात. त्या डाखात शिसं होतं. वरून बसवलेला तळ निघाला की ठिपका उघडा पडतो, आणि वर्षा-दीड वर्षाचं मूल हाती येईल ते तोंडात घालतंच.

अशी बाटली नुसती आतून-बाहेरून तपासली असती तर ती पास झाली असती. कारण तपासणीसाठी सर्रास वापरलं जाणारं एक्सआरएफ यंत्र समोरचा थोडासा थरच पाहतं. पिस्तुलासारखं दिसणारं हे यंत्र वस्तूवर क्ष-किरण सोडतं. त्यांच्या धक्क्याने अणूतला आतला इलेक्ट्रॉन बाहेर पडतो, वरचा इलेक्ट्रॉन त्या जागी उतरतो आणि उतरताना ठरावीक ऊर्जेचा किरण बाहेर टाकतो. प्रत्येक मूलद्रव्याची ही ऊर्जा वेगळी असल्यामुळे शिसं, कॅडमियम, क्रोमियम मिनिटभरात ओळखता येतात. शिसं आणि आर्सेनिक यांची एक रेषा, म्हणजे अशी एक ठरावीक ऊर्जा, मात्र जवळजवळ एकाच जागी येते, म्हणून जाणकार तंत्रज्ञ शिशाची दुसरी रेषाही पाहतो. पण पत्र्याआडचं शिसं या यंत्राला दिसत नाही. काचेच्या बाटलीवरचं रंगीत चित्र, झाकणाचा रंग, जोड, तळ, सगळं वेगवेगळं तपासावं लागतं.

त्यातही यंत्र सांगतं ते धातूत किती शिसं आहे एवढंच. बाळाच्या पेजेत किती उतरतं, हा प्रश्न वेगळा आणि माझ्या मते जास्त महत्त्वाचा. त्यासाठी भांड्यात चार टक्के अ‍ॅसेटिक आम्ल, म्हणजे जवळपास व्हिनेगरच, चोवीस तास ठेवतात आणि मग त्या द्रवातलं शिसं मोजतात. स्वयंपाकाच्या भांड्यांत तेच आम्ल उकळूनही पाहतात.

अमेरिकेतलं सिॲटल शहर ज्या किंग काउंटीत आहे, तिथे अफगाण निर्वासितांच्या मुलांच्या रक्तात शिसं जास्त सापडत होतं. कारण शोधत आरोग्य विभागाची माणसं घरांतल्या अ‍ॅल्युमिनियमच्या कुकरपर्यंत पोचली. भंगार वितळवून केलेल्या अ‍ॅल्युमिनियममध्ये शिसं येऊ शकतं आणि आंबट पदार्थात ते उतरतं. स्टीलची भांडी याच चाचणीत कितीतरी बरी ठरली. पुढे २०२४ मध्ये वॉशिंग्टन राज्याने भांड्यांतल्या शिशावर मर्यादा घालणारा कायदा केला. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या अन्न व औषध प्रशासनाने, आयात केलेल्या काही भांड्यांबद्दल इशारा दिला, त्यात पितळ आणि अ‍ॅल्युमिनियमबरोबर हिंडालियमचंही नाव होतं. हिंडालियमची पातेली आपल्याकडे घरोघरी आहेत, परदेशी निघालेल्या लेकी-सुनांच्या बॅगेतूनही जातात. सगळीच वाईट आहेत असं नाही. पण कुठलं भंगार वितळवलं होतं, हे पातेल्याकडे बघून कळत नाही.

एवढी बारकाई कशासाठी? मोठ्या माणसाच्या पोटात गेलेल्या शिशापैकी साधारण दहावा भाग अंगात शोषला जातो, तान्ह्या मुलात जवळजवळ निम्मा. वाढत्या मेंदूला शिशाची सुरक्षित अशी कुठलीच पातळी सापडलेली नाही. एफडीएने मुलांसाठी अन्नातून दिवसाला २.२ मायक्रोग्रॅम ही संदर्भ-पातळी धरली आहे. जानेवारी २०२५ मध्ये बाळांच्या फळं-भाज्यांच्या तयार अन्नासाठी त्यांनी किलोमागे १० मायक्रोग्रॅम ही पातळी ठरवली. त्या पातळीचं १०० ग्रॅम अन्न म्हणजे एक मायक्रोग्रॅम, दिवसाच्या हिशेबातला जवळजवळ अर्धा वाटा एकाच वाटीत.

कधी डबा स्वच्छ असतो आणि आतलंच अन्न विषारी असतं. २०२३ मध्ये नॉर्थ कॅरोलायनात मुलांच्या रक्तात शिसं सापडलं आणि माग निघाला सफरचंदाच्या गराच्या पाकिटांपर्यंत. गरात घातलेली दालचिनी इक्वेडोरमध्ये दळलेली होती. तिच्या नमुन्यात दहा लाख भागांत ५,११० भाग शिसं निघालं, म्हणजे अर्धा टक्का! बरोबर क्रोमियमही सापडलं. दोन्ही एकत्र आल्यामुळे संशय लेड क्रोमेट या पिवळ्या रंगद्रव्यावर गेला. बांगलादेशात हळदीला उठाव यावा म्हणून हेच मिसळलं जात होतं. एकच धातू शोधला असता तर हा धागा हाती लागला नसता.

आपल्या घरात मला काळजी वाटते ती बाळाला दूध पाजायच्या जुन्या पितळी बोंडल्याची. प्रेमापोटी जपलेलं असतं, पण कधीकाळी गळतं म्हणून डाख दिलेला असतो. कल्हईसुद्धा शुद्ध कथलाची असेल तरच भरवशाची, स्वस्त कथलात शिसं मिसळलेलं असू शकतं. असं बोंडलं आठवण म्हणून कपाटात ठेवावं, बाळाला स्टीलच्या वाटी-चमच्याने भरवावं. बाजारात मिळणाऱ्या रंग बदलणाऱ्या काड्यांवर विसंबू नये, त्यांना जेमतेम पृष्ठभाग कळतो.

भांड्याबद्दल शंका असेल तर आधी ते वापरातून काढा, मग बालरोगतज्ज्ञांना सांगून बाळाच्या रक्तातलं शिसं तपासून घ्या. बोटाला टोचून काढलेल्या थेंबात त्वचेवरचं शिसं मिसळू शकतं, म्हणून आकडा जास्त आला तर शिरेतून रक्त घेऊन खात्री करतात. अमेरिकेत डेसिलिटरमागे ३.५ मायक्रोग्रॅमपासून पुढे स्रोताचा शोध सुरू होतो. त्याच वेळी हिमोग्लोबिनही बघायला सांगा, कारण लोह कमी असलेल्या मुलाचं आतडं शिसं जास्त शोषून घेतं.