तेरेझिनची चित्रं वर्गात कशी आली

जानेवारीच्या शेवटी युरोप-अमेरिकेतल्या कितीतरी शाळांच्या भिंतींवर कागदी फुलपाखरं लागतात. २७ जानेवारी १९४५ रोजी सोव्हिएत फौजा आउशवित्झ या नाझींच्या मृत्युछावणीला पोचल्या होत्या. २००५ साली संयुक्त राष्ट्रांनी हाच दिवस होलोकॉस्टच्या, म्हणजे नाझींनी केलेल्या ज्यूंच्या संहाराच्या, बळींचा आंतरराष्ट्रीय स्मृतिदिन म्हणून ठरवला. फुलपाखरं आली ती मात्र एका कवितेतून. पावेल फ्रीडमन या प्रागच्या तरुणाने तेरेझिनच्या घेट्टोत, म्हणजे ज्यूंना कोंडून ठेवलेल्या वस्तीत, ती लिहिली. पातळ कागदावर टाइप केलेली, खाली तारीख ४ जून १९४२. इथे, घेट्टोत, फुलपाखरं राहत नाहीत, असं ती सांगते. जगभर ती 'मुलाची कविता' म्हणून शिकवली जाते, पण लिहिली तेव्हा फ्रीडमन २१ वर्षांचा होता. सप्टेंबर १९४४च्या अखेरीस त्याला आउशवित्झला पाठवलं, तिथून तो परतला नाही. फुलपाखरं नाहीत म्हणणाऱ्या कवितेवरून मुलांकडून फुलपाखरं कापून घेण्याची प्रथा पडली, याचं मला नेहमी नवल वाटतं. अमेरिकेतल्या ह्यूस्टनच्या होलोकॉस्ट संग्रहालयाने तर मारल्या गेलेल्या १५ लाख मुलांच्या स्मरणार्थ तेवढीच फुलपाखरं गोळा करण्याचा उपक्रम केला.

तेरेझिन हे प्रागच्या उत्तरेला, साधारण साठ किलोमीटरवर, अठराव्या शतकाच्या अखेरीस बांधलेलं तटबंदीचं गाव. सम्राट दुसऱ्या जोसेफने ते आपली आई मारिया थेरेसा हिच्या नावाने वसवलं. नोव्हेंबर १९४१मध्ये नाझींनी तिथे ज्यूंना कोंडायला सुरुवात केली. युद्धापूर्वी सैनिक धरून सात हजारांच्या आसपास वस्ती असलेल्या या गावात सप्टेंबर १९४२मध्ये जवळजवळ ५८ हजार माणसं होती. एकूण सुमारे १ लाख ४० हजार लोक इथे आणले गेले. त्यातले ३३ हजारांच्या आसपास तिथेच भुकेने आणि रोगराईने मेले, आणि ८८ हजारांच्या आसपास पुढे पूर्वेकडे रवाना झाले. पुढचा मुक्काम बहुतेकांसाठी मृत्यूचाच होता.

शाळा भरवायला बंदी होती. पण गाणं, हस्तकला, चित्रं यांना फुरसतीचा उद्योग म्हणून मुभा मिळाली, आणि कैदेतल्या शिक्षकांनी या फटीतून जेवढं शिरता येईल तेवढं शिरून घेतलं. मुलांना आईबापांपासून वेगळं करून वसतिगृहांत ठेवलं होतं. एल ४१० मुलींचं, एल ४१७ मुलांचं. दार लावून, एखादं पोर पहाऱ्याला उभं करून, गणित-इतिहासही शिकवला जाई. चित्रकला उघडपणे चाले.

ती चालवणारी बाई म्हणजे फ्रीडल डिकर-ब्रँडाइस. मुलांची चित्रं वर्गात दाखवताना तिची ओळख एका ओळीत उरकली जाते, हे मला खटकतं. कारण ही चित्रं साक्ष म्हणून काढलेली नाहीत. तो एका बाईंच्या तासाचा गृहपाठ आहे, आणि बाई कोण होत्या हे कळल्याशिवाय तो वाचता येत नाही.

फ्रीडल १८९८ची, व्हिएन्नाची. योहानेस इटेन या चित्रकाराची शिष्या. त्याच्याच मागोमाग ती जर्मनीतल्या वायमारच्या बाउहाउस या कला आणि हस्तकलेच्या शाळेत गेली. तिथे कापड विणणं, छपाई, फर्निचर, रंगमंच असं सगळं शिकली. १९३४मध्ये कम्युनिस्ट कामासाठी व्हिएन्नात तुरुंगवास झाला. सुटल्यावर ती प्रागला गेली आणि निर्वासितांच्या मुलांना चित्रकला शिकवू लागली. पुढे अमेरिकेत आर्ट थेरपीचा पाया घालणाऱ्यांपैकी एक झालेली एडिथ क्रेमर ही तिचीच विद्यार्थिनी. पॅलेस्टाइनला जायची संधी आली होती, पण नवऱ्याला सोडून ती गेली नाही. डिसेंबर १९४२मध्ये दोघांना तेरेझिनला पाठवलं. माणशी ५० किलो सामान नेता येई. तिच्या सामानात चित्रकलेचं साहित्य होतं.

कागद मिळेल तसा वापरला जाई. कचेरीतले जुने फॉर्म, त्यांची कोरी पाठ, गुंडाळायचा कागद. रंग कमी, म्हणून रंगीत कागदाचे कपटे चिकटवायचे. तासाच्या सुरुवातीला इटेनच्या पद्धतीने हात सैल करण्याचे, लयीचे सराव, मग कधी एखाद्या जुन्या थोर चित्राची प्रत समोर ठेवून तिचं आपल्या रीतीने रूप करायचं. १९४३ साली घेट्टोतल्या शिक्षकांसमोर तिने मुलांच्या चित्रांवर व्याख्यान दिलं. मुलांना चित्रकार करणं हा हेतू नाही, त्यांच्यातली निर्मितीची शक्ती मोकळी व्हावी आणि मोठ्यांनी आपली वाट त्यांच्यावर लादू नये, हा त्याचा गाभा होता. आणि एक साधा नियम: चित्रावर आपलं नाव घालायचं. जिथे माणसाला नावाऐवजी हद्दपारीच्या गाडीचा नंबर मिळत होता, तिथला हा नियम आहे. आज ही चित्रं कोणाची ते बहुतांशी सांगता येतं, ते त्यामुळेच.

सप्टेंबर १९४४मध्ये तिचा नवरा पावेल पूर्वेकडे पाठवला गेला. तिने पुढच्या गाडीत स्वतःहून नाव घातलं आणि ऑक्टोबरात आउशवित्झच्याच बिर्केनाऊ छावणीत तिची हत्या झाली. नवरा वाचला. जाण्यापूर्वी तिने सुमारे साडेचार हजार चित्रं दोन सुटकेसमध्ये भरून ठेवली होती. १९४५मध्ये मुलींच्या वसतिगृहाचे प्रमुख विली ग्रोग यांनी त्या प्रागच्या ज्यू संस्थेच्या स्वाधीन केल्या. तिथून चित्रं प्रागच्या ज्यू संग्रहालयात आली. युद्धातून वाचलेल्या तिथल्या अभ्यासक हाना वोलाव्कोव्हा यांनी १९५९मध्ये चित्रं आणि कवितांचा संग्रह काढला. पुढे त्याचं इंग्रजी रूप अमेरिकेत पोचलं आणि वर्गात जायची वाट मोकळी झाली.

याच संग्रहाबरोबर एक आकडाही जगभर फिरला: तेरेझिनमधून १५ हजार मुलं गेली, वाचली फक्त शंभर. पुढच्या संशोधनाने तो मोडून काढला. वाचलेल्या मुलांची संख्या त्याहून बरीच जास्त होती, कारण मुक्ततेच्या वेळी घेट्टोतच शेकडो मुलं जिवंत होती. पाठ्यसाहित्यात मात्र जुनाच आकडा अजून भेटतो. होलोकॉस्ट नाकारणारे अशाच चुकीच्या आकड्यांवर टपलेले असतात. त्यामुळे शिक्षकाने इथे आळस करू नये.

मुलांच्या वसतिगृहात वेगळंच काही घडत होतं. व्हाल्टर आयझिंगर या तरुण शिक्षकाच्या छत्राखाली तिथल्या पोरांनी 'वेदेम' हे साप्ताहिक काढलं. प्रत एकच, शुक्रवारी संध्याकाळी मोठ्याने वाचायची. डिसेंबर १९४२ पासून जवळजवळ दोन वर्षं, आठशेच्या आसपास पानं. संपादक पेत्र गिन्झ, वय वर्षं चौदा. लेख वेळेत आले नाहीत तर वेगवेगळ्या टोपणनावांनी स्वतःच भरून काढणारा. यातल्या कविता मात्र गोड नाहीत. टिंगल आहे, चिडचिड आहे, स्मशानाच्या गाड्यांवरून पाव येतो याची नोंद आहे. सोळाव्या वर्षी पेत्रला आउशवित्झला पाठवलं. पानं झ्देनेक ताउसिग या मुलाने लपवून ठेवली. पेत्रचं 'चंद्रावरचा देखावा' हे चित्र, चंद्रावरून दिसणारी पृथ्वी, तिची प्रत इस्रायली अंतराळवीर इलान रामोन कोलंबिया यानातून घेऊन गेला. १ फेब्रुवारी २००३ रोजी, पेत्रच्या पंचाहत्तराव्या जन्मदिनी, ते यान कोसळलं. कल्पना चावला त्यातच होती. त्या बातम्या वाचून प्रागमधल्या एकाने घरात सापडलेल्या जुन्या वह्या पुढे आणल्या. ती पेत्रची डायरी निघाली.

तिसरं उदाहरण हेल्गा वाइसोव्हाचं. बारा वर्षांच्या या मुलीने घेट्टोत हिममानवाचं चित्र काढून वडिलांना चोरून पाठवलं. वडिलांचा निरोप आला: जे दिसतं ते काढ. मग तिने रांगा, तिमजली खाटा, पाव वाहून आणणाऱ्या गाड्या काढल्या. ती आउशवित्झमधूनही वाचली आणि पुढे चित्रकार झाली. फ्रीडलच्या मुलींची फुलं आणि हेल्गाच्या रांगा शेजारी ठेवल्या की वर्गात खरा प्रश्न उभा राहतो: एकाच आवारात हे दोन्ही कसं? फुलंच दाखवली तर तो उठतच नाही.

नाझींनाही या मुलांचा उपयोग ठाऊक होता. जून १९४४मध्ये रेड क्रॉसची पाहणी आली तेव्हा गाव रंगवून ठेवलं, मुलांनी ब्रुंडिबार हा हान्स क्रासाचा संगीत नाट्यप्रयोग केला. गर्दी कमी दिसावी म्हणून त्याआधी मे महिन्यात साडेसात हजार माणसं आउशवित्झला रवाना केली होती.

म्हणूनच आज शिक्षकांना दिल्या जाणाऱ्या सूचना सावध असतात. वॉशिंग्टनचं होलोकॉस्ट संग्रहालय सहावी आणि पुढच्या वर्गांना हा विषय देण्याचा सल्ला देतं. मुलांना 'तू कैदी, तू पहारेकरी' अशा भूमिका देऊ नयेत, असंही ते बजावतं. जेरुसलेमच्या याद वाशेम या होलोकॉस्ट स्मारक-संस्थेची शिकवण अशी की मुलाला या विषयात सुखरूप न्यावं आणि सुखरूप परत आणावं. चित्रं यासाठी सोयीची ठरतात. प्रेतांचे फोटो न दाखवता एका नावाच्या, एका वयाच्या मुलापर्यंत जाता येतं. चित्र कोणी, कोणाच्या तासाला आणि कशाच्या पाठीवर काढलं, एवढं सांगायला पंधरा मिनिटं पुरतात. तेवढी पंधरा मिनिटं फुलपाखरं कापण्यातून काढावी.